सोडला तरी न सुटणारा हँडब्रेक

पावसाळा ओसरून धान निसवायला लागलं की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "गाडी ओढून नाही राहिली, अ‍ॅव्हरेज पडलं, आन् मागचा एक चक्का तापून राहिला." गाडी बहुधा पंधरा-वीस वर्षांची असते. मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, नाहीतर एखादी इंडिका. मिस्त्री हँडब्रेकच्या लिव्हरमागचा नट दोन आटे सैल करतो, गाडी ढकलून दाखवतो आणि मालक समाधानाने निघून जातो. थोड्या दिवसांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते, आणि आता तिचा हँडब्रेक चढावर लागतही नाही.

मी लाखनी, साकोली, भंडारा या पट्ट्यात बरीच वर्षं जुनी मारुती ८०० चालवतो आणि तिच्या ब्रेकची कामं जमतील तेवढी स्वतः करतो. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये मालकाच्या हाती गेली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात धाकटी ८००सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. एवढ्या वयाच्या गाडीचा हँडब्रेक अडकला तर त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही. पाणी, चिखल, ऊन आणि न उघडलेले ड्रम यांचा तो हिशेब आहे. माझं म्हणणं एवढंच, की नटाला शेवटी हात लावा. ब्रेक नेमका कुठे अडकलाय ते आधी शोधा. ते कसं शोधायचं, हे अनुभवातून जसं कळत गेलं तसं इथे मांडतो.

१. चाक खरंच धरतंय का, ते आधी पाहा.

अ‍ॅव्हरेज पडण्याची कारणं डझनभर असतात. टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी जड लागते, म्हणून हवा आधी तपासावी. त्यानंतर गाडी सपाट सिमेंटच्या जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक पूर्ण खाली करा आणि ढकला. ८०० सारखी हलकी गाडी एका माणसाच्या ढकलण्याने सहज हलायला हवी. हलताना ती अडखळत असेल, किंवा हात काढताच जागच्या जागी थांबत असेल, तर कुठेतरी धरतेय.

कुठलं चाक धरतंय ते उष्णता सांगते. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर सकाळच्या वेळी हे छान जमतं. मग वेग आपोआप कमी होऊ देऊन गाडी बाजूला घ्या आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा. ड्रमला थेट हात लावू नका, चटका बसेल. पुढची चाकं थोडी जास्त गरम असणारच, कारण ब्रेकचं बरंचसं काम तीच करतात. मागची दोन्ही कोमट आणि सारखी असायला हवीत. एक थंड आणि दुसऱ्याची आच दुरूनच लागत असेल, तर चोर सापडला. दोन्ही सारखीच तापली असतील तर दोष दोन्ही चाकांच्या सामाईक भागात, म्हणजे लिव्हर, नट किंवा पायाच्या ब्रेकच्या मास्टर सिलेंडरकडे असण्याची शक्यता वाढते.

बेअरिंग खराब असलं तरी चाक तापतं. पण बेअरिंग घरघर करतं, वळणावर तो आवाज बदलतो, आणि चाक उचलून वर-खाली हलवलं तर ढिलेपणा हाताला कळतो. ब्रेक धरत असेल तर जळका वास येतो. हा वास एकदा ओळखला की विसरत नाही.

२. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला म्हणून निर्धास्त होऊ नका.

त्या दिव्याचा स्विच लिव्हरपाशी असतो. लिव्हर खाली गेली एवढंच त्याला कळतं. मागे ड्रमच्या आत शू सुटले की नाही, याची त्याला खबर नसते. काही गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. लिव्हर खाली असूनही तो लुकलुकत असेल तर आधी ऑइलची पातळी पाहावी.

३. तार कशी काम करते ते समजून घेतलं की अर्धं निदान होतं.

हँडब्रेकची तार सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखीच असते : आत स्टीलच्या धाग्यांची पिळलेली तार, बाहेर तिला धरून ठेवणारी नळी. या रचनेला बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि सव्वाशे वर्षांत तिचं मूळ तत्त्व बदललेलं नाही. आतली तार ओढली जाते, बाहेरची नळी तो ताण आपल्या अंगावर घेते, आणि त्यामुळे ओढ कितीही वळणांतून चाकापर्यंत पोचते.

आता यातली खरी मेख बघा. आपण लिव्हर ओढतो तेव्हा हाताचा जोर लिव्हरच्या लांबीमुळे कितीतरी पटींनी वाढून तारेवर येतो. पण तार मागे न्यायला असतात फक्त ड्रममधल्या स्प्रिंगा. लावण्याचा जोर प्रचंड, सोडण्याचा बेताचा. म्हणून तारेत गंज धरायला लागला की ब्रेक लागण्यात काहीच फरक जाणवत नाही, हाताचा जोर गंजावर मात करतो. अडतं ते सुटताना. ज्या हँडब्रेकला लावताना काही दोष दिसत नाही, तोच आतून अडकलेला असू शकतो. "हँडब्रेक तर मस्त लागते" हे उत्तर म्हणूनच तपासणीत धरायचं नसतं.

४. आपल्याकडचं हवामान या तारेला विशेष नडतं.

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उभ्या गाडीखालची जमीन तापते, तारेच्या टोकांवरचे रबरी बूट कडक होतात, त्यांना चिरा पडतात. जूनमध्ये त्याच चिरांतून पाणी आत शिरतं. पुढे रोवणीचे दिवस. बांधीतून निघालेले ट्रॅक्टर केजव्हीलने डांबरी रस्त्यावर चिखल आणून टाकतात आणि आपल्या गाड्या तो चिखल पोटाखाली घेत जातात. वैनगंगेच्या काठच्या रस्त्यांवर त्यात टिप्परमधून गळलेल्या रेतीची भर पडते. चिखल वाळतो, रेती तशीच राहते. तारेच्या तोंडाशी साचलेला हा थर पुढचे कित्येक दिवस ओल धरून ठेवतो. आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या बराच वर पडतो, त्यामुळे ही ओल महिनोन्‌महिने सुटत नाही.

पुरात उभी राहिलेली गाडी हा तर वेगळाच विषय आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराच्या खालच्या वस्त्यांत आणि काठच्या गावांत पाणी शिरलं, कित्येक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा वेळी लोक इंजिन उघडतात, सीटा उन्हात ठेवतात, आणि मागचे ड्रम तसेच राहतात. ड्रमच्या आत गेलेला गाळ आपोआप बाहेर पडत नाही. तो शू आणि बॅक प्लेटच्या मध्ये सुकतो, स्प्रिंगांवर बसतो, व्हील सिलेंडरच्या रबराखाली ओल धरून राहतो. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत चढलं असेल तर चारही चाकांचे ब्रेक उघडून धुतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

५. खाली शिरण्याआधी गाडीला आधार द्या.

यावर मी कुणाशी वाद घालत नाही. जॅक हे गाडी उचलण्याचं साधन आहे, धरून ठेवण्याचं नाही. उचलल्यावर दोन्ही बाजूंना घोड्या लावायच्या. विटा लावायच्या नाहीत, भाजलेली वीट भाराखाली एकदम फुटते. शेतात किंवा अंगणात माती मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी टाका, नाहीतर पावसाळ्यात जॅकच जमिनीत जातो. हँडब्रेक सुटलेला असताना आणि मागची चाकं हवेत असताना गाडी फक्त पुढच्या चाकांवर उभी असते, म्हणून त्यांना पुढून-मागून लाकडी गुटके लावायचे. ८०० किंवा अल्टोसारखी पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर तिला पहिल्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे पुढची चाकं बांधली जातात आणि मागची मोकळी फिरतात. ओम्नीची ओढ मागच्या चाकांना असते. तिथे चाक फिरवून बघायचं तर गिअर न्यूट्रल ठेवावा लागतो आणि सगळी भिस्त गुटक्यांवर असते. हा फरक लक्षात ठेवा.

६. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट मोकळी करा.

ही पायरी माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे, आणि तिच्यासाठी एक पाना, एक पेचकस आणि लिव्हर ओढायला घरातलं कुणीतरी एवढंच लागतं.

हँडब्रेक पूर्ण खाली ठेवून मागचं प्रत्येक चाक हाताने फिरवा. हलकी, एकसारखी घासण्याची कुजबुज चालेल. फिरवलेलं चाक लगेच थांबलं तर ते धरतंय. प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी अडत असेल तर ड्रम वाकडा किंवा अंडाकृती झालाय, तो लेथवर दाखवावा लागेल.

आता लिव्हरमागचा नट पूर्ण सैल करा. इथे दोन रस्ते फुटतात. चाक मोकळं झालं, तर तारेला मुळातच जास्त ताण दिलेला होता, किंवा लिव्हरचा आस किंवा दोन्ही तारांना ओढ वाटून देणारी पट्टी अडकली होती. नट सैल करूनही चाक मोकळं झालं नाही, तर नटाचा या दुखण्याशी संबंध नाही. तार नळीच्या आत गंजून बसली असेल तर पुढचं टोक कितीही सैल करा, मागचं टोक शूला तसंच ओढून धरतं. नट फिरवून "दुरुस्त" केलेल्या गाड्या परत का येतात, याचं उत्तर इथे आहे.

मग मागे चाकापाशी या. बॅक प्लेटमध्ये जिथे तार शिरते तिथे नजर ठेवा आणि लिव्हर ओढून सोडायला सांगा. ओढताना तार सरकते, सोडल्यावर परत येते का? अर्ध्यावर थांबते का? थांबत असेल तर पेचकसाने टोक मागे ढकलून बघा. ढकलल्यावर चाक सुटलं तर दोष तारेचा. तारेचं टोक सोडवून पूर्ण अलग केलं आणि तरीही चाक धरलेलंच राहिलं, तर तार निर्दोष आहे, दोष ड्रमच्या आत किंवा पायाच्या ब्रेकच्या ऑइलमध्ये आहे.

हाही फरक कळतो. त्या चाकाचा ब्लीडिंग निपल क्षणभर सैल करा. जोराने ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर ऑइलचा दाब आत कोंडून राहिला होता. पेडलला मोकळी चाल नसणं, मास्टर सिलेंडरचं परतीचं छिद्र बंद होणं किंवा जुना रबरी होज आतून फुगणं, अशी त्याची कारणं असतात. फुगलेल्या होजमधून पायाच्या जोराने ऑइल आत जातं, पण परत येताना अडतं. बाहेरून होज धडधाकट दिसतो, म्हणून तो सुटून जातो. निपल उघडल्यावर काहीच बदललं नाही तर ड्रम खोला. निपल उघडला की नंतर हवा काढणं आलंच, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

साकोली रोडवरचे एक वयस्क मिस्त्री मला नेहमी सांगतात, "सर, चक्का खोलल्याबिगर बिमारी दिसत नाही." त्यांच्याकडे गाडी नेली की ते पाना उचलण्याआधी चाक हाताने फिरवतात. ही सवय असलेला मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका.

७. ड्रमच्या आत काय बघायचं.

काही गाड्यांत ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने कसले की ड्रम बाहेर येतो. काहींत बेअरिंग ड्रमसोबतच येतं, तिथे मधली टोपी, पिन आणि नट काढावा लागतो. हातोड्याने कडेवर बेदम ठोकू नका, ड्रम बिडाचा असतो, तडकतो.

उघडल्यावर काही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. आतली काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे. तोंडाला फडकं किंवा मास्क बांधून धूळ पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करा आणि पुसून घ्या. गॅरेजात काम करणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगा, ते दिवसभर त्याच धुळीत असतात.

मग निवांत बघा. मागच्या शूवर एक लोखंडी दांडी खिळीने जोडलेली असते, तिच्याच टोकाला तार अडकते. ही दांडी बोटाने हलवल्यावर सहज पुढे जायला आणि मागे यायला हवी. खिळीपाशी गंजून ती घट्ट झाली असेल, तर नवी तार टाकूनही ब्रेक सुटणार नाही. परतीच्या स्प्रिंगा ताणलेल्या, गंजलेल्या किंवा तापून निळसर झालेल्या असतील तर बदला, दोन्ही बाजूंच्या एकदम. बॅक प्लेटवर शू जिथे टेकून सरकतात त्या उंचवट्यांवर वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाचा पडतात. शू त्या खाचेत अडकतो आणि मागे येत नाही. हा दोष मी अनेक गाड्यांत पाहिला आहे आणि बहुतेक वेळा तो कुणाच्या लक्षातच आलेला नसतो. खाच उथळ असेल तर कानशीने सपाट करावी, खोल असेल तर प्लेट बदलावी.

व्हील सिलेंडरचं रबरी बूट हलकेच उचला. आत ओल दिसली तर सिलेंडर गळतोय. दट्ट्या गंजाने घट्ट बसला असेल तरीही शू मागे येत नाहीत. लायनरवर तेल किंवा ब्रेक ऑइल चढलं असेल तर तो धुऊन वापरू नका, आत मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं. लायनर शूपासून सुटायला लागला असेल तर त्या गाडीने त्या दिवशी गॅरेजबाहेर जाऊ नये. सुटलेला तुकडा ड्रममध्ये आडवा अडकला तर चालत्या गाडीचं चाक जाम होतं.

लावताना दांडीच्या खिळीवर आणि बॅक प्लेटच्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस बोटाच्या टोकावर येईल एवढंच लावा. साधं चाकाचं ग्रीस तापून वितळतं आणि लायनरवर उतरतं.

८. तारेत तेल सोडणं हा तात्पुरता उपाय आहे.

टोकातून तेल सोडलं, तार मागे-पुढे सरकवली, की ती काही दिवस चालते. भर रोवणीत गाडी अडली असेल तर तेवढं करून वेळ मारून न्यावी. पण गंजाने धागे तुटायला लागलेली तार तेलाने बरी होत नाही, आणि तेल आमची धूळ ओढून घेतं. नळीला चीर दिसली, टोकाचे धागे फुललेले दिसले, की तार बदलायचीच. नवी तार जुनीच्या शेजारी ठेवून लांबी आणि टोकं जुळवून घ्या, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक तारा वेगळ्या असतात. बसवताना तिच्या मूळच्या सगळ्या क्लिपा लावा. क्लिप नसली की तार लोंबते, सायलेन्सरला टेकते किंवा सस्पेन्शन हललं की ओढली जाते, आणि मग चाक खड्ड्यातच धरतं, सपाट रस्त्यावर नाही. असा दोष शोधताना माणूस थकून जातो.

९. समायोजनाचा क्रम उलटा करू नका.

आधी शू आणि ड्रममधलं अंतर, मग तार. नट सैल असतानाच शू बसवायचे, ड्रम चढवायचा, आणि इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक पुष्कळ वेळा दाबायचा, म्हणजे स्वयंचलित अ‍ॅडजस्टर आपली जागा घेतो. जिथे हाताने फिरवायचा अ‍ॅडजस्टर असेल तिथे चाक किंचित घासेपर्यंत कसून थोडा मागे घ्या. हे झाल्यावर लिव्हरचा नट. बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण पाच ते आठ दात्यांवर लिव्हर घट्ट व्हावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तो प्रमाण मानावा. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत, आणि वर असताना दोन्ही सारखीच धरली पाहिजेत.

झिजलेल्या लायनरची भरपाई नट आवळून करणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. लिव्हर वरपर्यंत येते म्हणून नट आवळला, की शू कायमचे ड्रमच्या जवळ ओढले जातात, स्वयंचलित अ‍ॅडजस्टरचं काम बिघडतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तापलेला ड्रम धरायला लागतो. लायनर दीड मिलिमीटरवर आले की ते बदला, नटाला हात लावू नका.

१०. चिकटलेले शू जोर लावून सोडवू नका.

पावसात हँडब्रेक लावून गाडी चार-आठ दिवस उभी राहिली की लायनर आणि ड्रमच्या मध्ये गंज धरतो आणि शू चिकटतात. लिव्हर खाली येते, तार सैल होते, पण चाक हलत नाही. अशा वेळी क्लच सोडून इंजिनच्या जोरावर गाडी ओढली की "फट्" आवाज येऊन ती सुटते, आणि तो आवाज कधीकधी लायनर शूपासून उखडल्याचा असतो. गाडी हलकेच मागे-पुढे झुलवा. नाही सुटली तर चाक काढून ड्रमवर लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी टकटक करा. सुटल्यावर पहिले काही शे मीटर अगदी हळू चालवत पायाचा ब्रेक हलका दाबत राहा, म्हणजे गंजाचा पापुद्रा घासून जातो. तरीही कुरकुर आली तर ड्रम खोला.

११. तापलेल्या ब्रेकला कमी लेखू नका.

पेट्रोल जास्त जातं, हे या दोषाचं सगळ्यात किरकोळ नुकसान आहे. ड्रमची उष्णता व्हील सिलेंडरमधल्या ऑइलपर्यंत पोचते. नवं डॉट ३ ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पुरेशी ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणजे हातब्रेकचा दोष पायाचा ब्रेक निकामी करतो. आपल्या दमट हवेत ऑइल दोन वर्षांनी बदलणं म्हणूनच गरजेचं आहे. पुस्तकात डॉट ३ की डॉट ४ लिहिलंय ते बघून तेच भरा.

रस्त्यात चाक भाजून निघालं असेल तर त्यावर पाणी ओतू नका, गरम बीड तडकतं. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, गुटका लावून उभी करा आणि निवू द्या. गाडी वाळलेल्या तणसावर किंवा धानाच्या पुंजण्याजवळ तर चुकूनही उभी करू नका.

१२. पावसाळ्यात गाडी उभी करण्याची रीत बदला.

घरी, सपाट जागेवर, काही दिवस गाडी हलणार नसेल तर हँडब्रेक लावायचाच नाही. पहिला किंवा रिव्हर्स गिअर आणि चाकाला पुढून-मागून गुटके, एवढं पुरतं. पाण्यातून आल्यावर किंवा गाडी धुतल्यावर शेवटचा थोडा रस्ता ब्रेक हलका दाबत यावं, म्हणजे ड्रम सुकतात. चढावर मात्र हँडब्रेक लावायचाच, गिअरही टाकायचा. कधीच वापरला नाही तरी तार गंजून बसते, म्हणून रोजच्या वापरातल्या गाडीचा हँडब्रेक रोज वापरात असलेला बरा.

१३. फिटनेसची वाट पाहू नका.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण करावं लागतं, आणि तपासणीत ब्रेक येतातच. अनेक जण त्या आठवड्यात नट आवळून हँडब्रेक "लागता" करून घेतात. तपासणी पार पडते आणि परतीच्या वाटेवर चाक तापायला लागतं. नूतनीकरण जवळ आलं असेल तर महिनाभर आधी दोन्ही ड्रम खोलून घ्या आणि नंतर एखाद्या पुलाच्या चढावर, रहदारी नसताना, पाय पेडलजवळ तयार ठेवून हँडब्रेक गाडी धरतो का ते बघा.

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई सुरू होते. वर्षभर कमी चालणारी गाडी अख्खं घर बसवून गावोगाव फिरते, दंडार-नाटकं बघून रात्री-बेरात्री परत येते, आणि मग लग्नसराई लागते. त्याआधी एका सकाळी मागची दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवून बघा. एकही अडत असेल तर ड्रम खोलायला सांगा, आणि मिस्त्रीने आधी नटालाच हात घातला तर त्याला तिथेच थांबवा.